खानदेशातला 'खान': चार बलाढ्य शेजाऱ्यांच्या मधलं फारुकी राज्य कसं टिकलं आणि कसं संपलं

खानदेश हे नाव आपण रोज घेतो, पण त्यातला 'खान' कोण असं विचारलं की बरेच जण थबकतात. सगळ्यात प्रचलित उत्तर असं आहे. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला थाळनेर आणि बऱ्हाणपूरवर मलिक नसीर नावाचा फारुकी राजा होता. त्याला गुजरातच्या सुलतान अहमदशहाने 'खान' ही पदवी दिली, आणि खानाचा देश तो खानदेश. काहींच्या मते मूळ नाव कान्हदेश, मुसलमानी अंमलाच्या आधीचं. व्युत्पत्तीचा हा वाद मिटायचा तेव्हा मिटेल. पण पदवी नेहमी वरचा खालच्याला देतो, एवढं इथे लक्षात ठेवायचं. चहूबाजूंचे शेजारी (गुजरात, माळवा, आणि दक्षिणेला आधी बहामनी, मग त्यांच्यातून फुटलेले वऱ्हाड आणि अहमदनगर) स्वतःला सुलतान आणि शाह म्हणवत असताना हे घराणं शंभरावर वर्षं 'खान' म्हणून राहिलं. बऱ्याच अंशी ते टिकलं ते याच धोरणामुळे.

किती टिकलं? १३८२ ते १६०१, म्हणजे २१९ वर्षं. वऱ्हाडची इमादशाही ८४ वर्षांत आटोपली. अहमदनगरच्या निजामशाहीला १४६ वर्षं मिळाली. माळव्याची आणि गुजरातची सल्तनत प्रत्येकी दीडशेच्या थोडी पुढे गेली आणि बहामनींना साधारण एकशे ऐंशी वर्षं मिळाली. या सगळ्यांत जे सर्वांत लहान होतं, तेच सर्वांत जास्त जगलं.

नकाशा आधी

तापीचं खोरं डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा आणि सातमाळ्याच्या रांगा, मध्ये काळ्या जमिनीची लांबट पट्टी. अकबराच्या काळच्या नोंदीत या मुलखाची लांबी बोरगावपासून लळिंगपर्यंत ७५ कोस आणि रुंदी जामोदपासून पालपर्यंत ५० कोस दिली आहे, काही ठिकाणी फक्त २५ कोस. लळिंग म्हणजे आजच्या धुळ्याजवळचा, मुंबई-आग्रा रस्त्यावरून दिसणारा किल्ला. जामोद बुलढाणा जिल्ह्यात, पाल रावेर तालुक्यात. म्हणजे राज्य म्हणायचं तर हे एवढंच: आजचा जळगाव जिल्हा, धुळ्याचा बराचसा भाग आणि मध्य प्रदेशात गेलेलं बऱ्हाणपूर. नंदुरबार आणि सुलतानपूर ही पश्चिमेकडची ठाणी बहुतेक काळ गुजरातकडेच होती, आणि तेच भांडणाचं मूळ ठरलं.

या पट्टीची किंमत तिच्या जागेत होती. उत्तरेतून दक्षिणेत उतरायचं तर सातपुडा ओलांडावा लागतो, आणि मोठ्या फौजेला, तोफगाड्यांना, बैलांच्या तांड्यांना सोयीची वाट एकच: नर्मदा आणि तापी यांच्यामधली अशीरगडाची खिंड. आजही खंडवा-भुसावळ रेल्वे याच खिंडीतून येते. शिवाय माळवा आणि उत्तर हिंदुस्थानचा माल गुजरातच्या बंदरांकडे जायचा तो तापीच्या काठाकाठाने. ज्याच्याकडे खिंड आणि नदीकाठचा रस्ता, त्याच्याकडे जकात. शेतीही बरी होती. मुख्य पीक ज्वारी, काही ठिकाणी वर्षातून तीनदा येणारी, आणि कापूस तर होताच. धरणगावचं तलम कापड मोगलांच्या नोंदवहीतही नावाजलेलं आहे. १५८० च्या दशकात बऱ्हाणपुरातून गेलेल्या राल्फ फिच या इंग्रज प्रवाशाने सुती कापडाची रेलचेल पाहिली, पण घरं मातीची आणि गवताने शाकारलेली, आणि पावसाळ्यात रस्त्यांवर इतकं पाणी की घोड्याशिवाय जाता येत नाही, असंही लिहून ठेवलं. राजधानीचं हे चित्र मला पुढच्या सगळ्या भव्य वर्णनांपेक्षा जास्त खरं वाटतं.

एका जहागिरीतून राज्य

संस्थापक मलिक राजा. फिरोजशहा तुघलकाच्या पदरी असलेल्या या माणसाला १३७० मध्ये थाळनेर आणि करवंद ही जहागीर मिळाली. (थाळनेर आजच्या शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठावर.) शिकारीत वाट चुकलेल्या भुकेल्या सुलतानाला त्याने खाऊ घातलं, म्हणून ही कृपा झाली अशी कथा आहे. त्याने लगोलग बागलाणच्या राजाला नमवून हत्तींची वार्षिक खंडणी बसवली आणि त्यातले हत्ती दिल्लीला पाठवले. दिल्ली खूश झाली, सिपहसालार (सेनापती) केलं. पुढे फिरोजशहा थकला आणि दिल्लीचा हात आखडला, तसा १३८२ पासून मलिक राजा स्वतंत्र वागू लागला. वंशावळ दुसरे खलिफा उमर यांच्यापर्यंत नेली. उमर यांचं बिरुद 'अल-फारूक', म्हणून घराणं फारुकी.

त्याने एक चूक लवकर केली आणि तिच्यातून लवकर शिकला. गुजरातच्या ताब्यातल्या सुलतानपूर-नंदुरबारवर हात टाकला. गुजरातचा मुजफ्फर चालून आला आणि मलिक राजाला थाळनेरच्या किल्ल्यात कोंडून घ्यावं लागलं. शेवटी तह करून सुटका. दरम्यान माळव्याच्या दिलावरखानाशी त्याने दुहेरी सोयरीक केली: याची मुलगी त्यांच्या घरी, त्यांची मुलगी याच्या घरी. पुढची दोनशे वर्षं हाच खेळ नव्या नव्या भिडूंबरोबर चालला.

१३९९ मध्ये तो वारला आणि राज्याची वाटणी झाली. थोरला नसीर पूर्वेकडे, धाकटा इफ्तिखार थाळनेरला. नसीरला गड हवा होता आणि नजर होती अशीरवर. तिथे आसा अहीर नावाचा गवळ्यांचा श्रीमंत प्रमुख राहत होता. फरिश्ता या इतिहासकाराने दिलेली हकिगत अशी की नसीरने त्याला निरोप धाडला: शत्रू अंगावर येताहेत, माझ्या बायकामुलांना तुझ्या गडावर आसरा दे. पहिल्या दिवशी खरोखरच बायका आल्या, आसाच्या घरच्यांनी त्यांचा पाहुणचार केला. दुसऱ्या दिवशी दोनशे डोल्या आल्या आणि त्यांतून हत्यारबंद शिपाई उतरले. आसा आणि त्याची मुलं मारली गेली. डोल्यांची ही युक्ती पुढे रोहतासगडाच्या बाबतीत शेरशहाच्या नावावरही सांगितली जाते, त्यामुळे तपशील थोडे जपूनच घ्यावेत. गड मात्र फारुकींकडे आला आणि शेवटच्या दिवसापर्यंत राहिला.

तापीच्या काठावर नसीरने दोन गावं वसवली. एका काठावर बऱ्हाणपूर, खुलताबादला विसावलेले सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने, आणि समोरच्या काठावर जैनाबाद, त्यांच्याच परंपरेतल्या जैनुद्दीन यांच्या नावाने. मलिक राजा जैनुद्दीन यांचा मुरीद, म्हणजे शिष्य होता.

टिकायचं कसं: १४३७ चा धडा

चार मोठ्या सत्तांमध्ये अडकलेल्या लहान राज्याकडे साधनं तीनच होती. एक, सगळ्यात जवळच्या बलाढ्य शेजाऱ्याला वरिष्ठ मानून खंडणी देणं. दोन, बाकीच्यांशी सोयरीक. तीन, कुणी चालून आलंच तर मैदानात न लढता गडावर जाऊन बसणं, आणि दुसरा शेजारी मदतीला येईपर्यंत वाट पाहणं. दुसरा शेजारी येणारच, कारण खिंड पहिल्याच्या हाती जाणं त्याला परवडणारं नव्हतं. या हिशेबात फारुकींची ताकद गौण होती. शेजाऱ्यांनी एकमेकांवर ठेवलेली नजर हीच त्यांची तटबंदी होती.

१४१७ मध्ये माळव्याच्या मदतीने नसीरने भावाकडून थाळनेर घेतलं आणि त्याच जोरावर सुलतानपूरवर गेला. अहमदशहा आला, नसीर शरण गेला, आणि शिक्षेऐवजी 'खान' पदवी घेऊन परतला. इथपर्यंत हिशेब बरोबर होता.

चुकला तो वीस वर्षांनी. नसीरची मुलगी आगा जैनब बहामनी राजपुत्र अलाउद्दीन याला दिली होती. तो सुलतान झाल्यावर त्याने संगमेश्वरच्या राजाच्या मुलीशी लग्न केलं आणि मर्जी तिकडे वळली. जैनबने वडिलांकडे गाऱ्हाणं केलं. नसीरने सोयरिकीचा अपमान हे निमित्त करून वऱ्हाडावर स्वारी केली. तिथले काही सरदार फितूर होते, त्यामुळे सुरुवात छान झाली. बहामनी दरबाराने खलफ हसन या परदेशी सेनापतीला पाठवलं. त्याने अट घातली की फौजेत दख्खनी सरदार नकोत, फक्त परदेशी तिरंदाज आणि स्वार हवेत. रोहिणखेडच्या घाटाजवळ (आज बुलढाणा जिल्हा) नसीरचा पराभव झाला. बऱ्हाणपूर लुटलं गेलं. नसीर पळत लळिंगला पोचला, तिथे वेढला गेला आणि १४३७ मध्ये तिथेच वारला.

चूक नेमकी कुठे झाली? सोयरीक हे बचावाचं साधन होतं, त्याने ते चढाईला वापरलं. मैदानात गेला. आणि गुजरात-माळव्याची कुमक हाती पडण्याआधी लढला. गुजरातची फौज निघाल्याची बातमी आल्यावरच बहामनी परतले, म्हणजे जुनं यंत्र चालू होतं. फक्त त्याला थोडा वेळ द्यायला हवा होता.

पुढचे दोघे, आदिलखान आणि मुबारकखान, शांतपणे राज्य करून गेले. १४५७ ते १५०१ हा दुसऱ्या आदिलखानाचा काळ मात्र घराण्याचा सगळ्यात भरभराटीचा. त्याने गोंडवनाच्या राजांकडून खंडणी घेतली, रस्त्यांवर लूटमार करणाऱ्या कोळी-भिल्लांच्या टोळ्यांना आवर घातला, अशीरगडाची तटबंदी वाढवली, बऱ्हाणपुरात तापीकाठी किल्ला बांधला आणि 'शाह-ए-झारखंड' (जंगलमुलखाचा राजा) म्हणवून घेऊ लागला. मग त्याने गुजरातची खंडणी थांबवली. १४९८ मध्ये गुजरातचा सुलतान महमूद बेगडा तापीपर्यंत आला, थकबाकी वसूल केली आणि परत गेला. एवढ्या मोठ्या राजालाही ही रक्कम चुकली नाही. खंडणी हा एक प्रकारचा विमा होता आणि हप्ता बुडवून चालत नव्हतं.

वारसाहक्काची वाळवी

बाहेरून हे यंत्र चांगलं चाललं, आतून एक भाग कायम ढिला राहिला. राजा मेला की पुढे कोण, याचा नियम पक्का नव्हता. १५०८ मध्ये दाऊदखान वारला, त्याच्या मुलाला गादीवर बसल्यावर काही दिवसांतच विष दिलं गेलं. एका दावेदारामागे अहमदनगर उभं राहिलं, दुसऱ्यामागे महमूद बेगडा. बेगडा स्वतः थाळनेरला आला आणि आपला उमेदवार, तिसरा आदिलखान, गादीवर बसवून गेला. यानंतर खानदेश बराच काळ गुजरातच्या घरातल्यासारखाच झाला.

त्याचा फायदाही मिळता मिळता राहिला. आदिलखानाचा मुलगा मीरान मुहम्मद हा गुजरातच्या बहादूरशहाचा भाचा. १५३७ मध्ये बहादूरशहा दीवला पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत समुद्रात बुडाला आणि गुजरातच्या सरदारांनी भाच्यालाच सुलतान ठरवलं. ज्याच्या घराण्याने सव्वाशे वर्षं 'खान' म्हणून मान तुकवली, त्याच्या नावाने अहमदाबादेत खुतबा (मशिदीत राजाच्या नावाने होणारं प्रवचन) वाचला गेला. तो निघाला आणि वाटेतच वारला. हाती उरलं ते 'शाह' हे बिरुद. पुढे त्याचा भाऊ मुबारकशहा याला सुलतानपूर-नंदुरबारही मिळालं. ते देणारा गुजरातचा तिसरा महमूद लहानपणी खानदेशात नजरकैदेत होता आणि तेव्हा दिलेला शब्द त्याने पाळला, असं सांगतात. दीडशे वर्षं लढून न मिळालेली ठाणी अशी आली.

या गोंधळावर फारुकींनी काढलेला तोडगा म्हणजे राजपुत्रांना कुटुंबासह अशीरगडावर नजरकैदेत ठेवणं. गादी रिकामी झाली की त्यांतला एक खाली आणायचा. बंडं कमी झाली, पण राजा होणाऱ्याला कारभाराचा आणि माणसांचा अनुभव शून्य.

शेजारी एकेक करून नाहीसे होतात

आता खरा मुद्दा. फारुकींचं सगळं गणित चार शेजारी असण्यावर होतं. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते शेजारीच पुसले जाऊ लागले.

१५६१-६२ मध्ये मोगलांनी माळवा घेतला. माळव्याचा पळालेला सुलतान बाजबहादूर खानदेशात आला, त्याच्यामागे मोगल सेनापती पीर मुहम्मद बऱ्हाणपुरात घुसला आणि त्याने कत्तल केली. लूट घेऊन परतताना फारुकी, वऱ्हाडचा तुफालखान आणि बाजबहादूर यांनी मिळून त्याला गाठलं. नर्मदा ओलांडताना उंटांच्या रांगेचा धक्का लागून तो घोड्यावरून पडला आणि बुडाला. जुन्या पद्धतीचा हा शेवटचा मोठा विजय. दोनच वर्षांनी अकबर मांडूला येताच मुबारकशहाने आपली मुलगी त्याला दिली.

१५७३ पर्यंत गुजरात मोगलांकडे गेला. १५७४ मध्ये निजामशाहीने वऱ्हाड गिळला. वऱ्हाडात लुडबुड केली म्हणून फारुकींचीही राजधानी लुटली आणि अशीरगडाला वेढा घालून खंडणी उकळली. आता उरले दोनच शेजारी: उत्तरेला आणि पश्चिमेला मोगल, दक्षिणेला निजामशाही.

अशा वेळी गादीवर आला राजा अलीखान (१५७६-१५९७). माझ्या मते फारुकींमधला सगळ्यात हुशार राज्यकर्ता हाच. तो अकबराचा अंकित म्हणवायचा, पण १५८६ मध्ये मोगल सेनापती अजीज कोका वऱ्हाडावर उतरला तेव्हा दख्खनी फौजांना मिळून त्याने त्याला माघारी लावलं. १५९१ मध्ये अकबराने कवी फैजीला वकील म्हणून त्याच्याकडे पाठवलं. त्याच वर्षी राजा अलीने बुऱ्हाण निजामशहाला अहमदनगरची गादी मिळवून द्यायला मदत केली, आणि लढाई जिंकली ती रोहिणखेडलाच, जिथे दीडशे वर्षांपूर्वी पूर्वज हरला होता.

त्याने बांधलेली बऱ्हाणपूरची जामा मशीद जरूर पाहावी. समोरून पंधरा कमानी, दोन उंच मिनार, घुमट नाही. आत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेख कोरला आहे. सृष्टिकर्त्याला नमन करून तो सुरू होतो, ईश्वराला अव्यक्त आणि गुणातीत म्हणतो, राजा मलिकपासूनची वंशावळ देतो आणि विक्रम संवत १६४६, शके १५११, पौष शुद्ध दशमी असा पंचांगासह काळ सांगतो. इंग्रजी तारीख येते जानेवारी १५९०.

१५९५ नंतर दोन्हीकडे राहणं अशक्य झालं. मोगलांनी अहमदनगरवर मोहीम काढली आणि राजा अलीला त्यांच्याबरोबर जावं लागलं. फेब्रुवारी १५९७ मध्ये गोदावरी खोऱ्यात, पाथरीच्या परिसरात आष्टीजवळ मोगल सेनापती खानखानान अब्दुर्रहीमची फौज आणि सुहेलखानाच्या हाताखालची दख्खनी फौज भिडली. राजा अली मोगलांच्या बाजूने लढता लढता पडला. संध्याकाळच्या गोंधळात मोगलांना वाटलं, हा शत्रूला जाऊन मिळाला, आणि त्यांनी त्याचीच छावणी लुटली. दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत रणांगणावर सापडलं.

त्याचा मुलगा बहादूरशहा मोगलांवर विश्वास ठेवायला तयार नव्हता, यात नवल नाही. पण त्याने वडिलांसारखं दोन्हीकडे बोलणं चालू ठेवायला हवं होतं. ते कसब त्याच्याकडे नव्हतं. अकबराचा विश्वासू अबुल फझल याने बोलावलं तेव्हा स्वतः न जाता मुलाबरोबर दोन हजार स्वार पाठवले. अकबराचा मुलगा शाहजादा दानियाल बऱ्हाणपुरावरून गेला तेव्हा हा गडावरून भेटायलाही उतरला नाही. १६०० च्या उन्हाळ्याच्या तोंडावर अकबर स्वतः बऱ्हाणपुरात येऊन बसला.

अशीरगडाचा वेढा

गड एकात एक असा तिहेरी आहे: खाली मलयगड, मध्ये कमरगड, माथ्यावर मुख्य अशीरगड. माथा पायथ्यापासून साधारण अडीचशे मीटर वर, कडे तासलेले, माथ्यावर पाण्याची टाकी. जमीन खडकाळ असल्याने सुरुंग खणता येत नाहीत, आणि खालून डागलेला तोफेचा गोळा माथ्यापर्यंत पोचला तरी त्यात जोर उरत नाही. आत धान्य आणि दारूगोळा वर्षानुवर्षं पुरेल इतका. अकबराने जेझुइट पाद्र्यांना गोव्याहून तोफा मागवायला सांगितलं. पोर्तुगीजांचा खानदेशशी तह होता, त्यामुळे त्यांनी नकार दिला.

मग काय बिघडलं? आसपासची माणसं आणि जनावरं गडावर कोंबली गेली, दाटी झाली आणि रोग पसरला: हातपाय सुजणं, लुळेपणा, दृष्टी जाणं. ऑगस्टमध्ये अहमदनगर पडलं, म्हणजे मदतीला येऊ शकणारा शेवटचा शेजारी संपला. वर्षाच्या शेवटी अबुल फझलच्या माणसांनी आडवाटेने रात्री दोर लावून मलयगड घेतला. आणि गडावरच्या सरदारांना मोगलांचा पैसा पोचू लागला.

डिसेंबरमध्ये बहादूरशहा खाली उतरला. पुढचं दोन प्रकारे सांगितलं जातं. मोगल इतिहासकारांच्या मते तो शरण आला. जेझुइटांच्या वृत्तांतात अकबराने स्वतःच्या मस्तकाची शपथ घेऊन सुखरूप परत पाठवण्याचं वचन दिलं होतं. बहादूर गळ्यात शेला अडकवून आला, तीनदा झुकला, तेवढ्यात एका सरदाराने त्याचं डोकं धरून त्याला जमिनीवर लोळवलं आणि त्याला अडकवून ठेवलं. याकूत नावाचा हबशी किल्लेदार तरीही गड देईना. त्याने कैदेतल्या राजपुत्रांना विचारलं, गादी कोण घेतो? कुणी पुढे आलं नाही. त्याने जीव दिला. जेझुइटांना मोगलांविषयी पूर्वग्रह होता आणि दरबारी लेखकांना धन्याची अब्रू सांभाळायची होती, त्यामुळे शपथेचा निकाल लावणं अवघड आहे. पैसा चारला गेला, हे मात्र मला दोन्हींपेक्षा निश्चित वाटतं. उत्तरेत थोरला मुलगा सलीम याने बंड केलं होतं, अकबराला घाई होती आणि तोफा निकामी होत्या.

१७ जानेवारी १६०१ रोजी गड पडला. अकबराने या विजयासाठी ससाण्याचं चित्र असलेली सोन्याची मोहोर पाडली. बहादूरशहाची कुटुंबासह ग्वाल्हेरच्या किल्ल्यात रवानगी झाली. तो १६२४ मध्ये आग्र्याला वारला. सुभा दानियालला दिला आणि त्याच्या नावावरून मुलखाचं नाव 'दानदेश' ठेवलं. ते मोगल दफ्तरांत काही काळ चाललं. लोकांच्या तोंडी ते कधी बसलंच नाही.